घरीं बसून डॉक्टर होतां येतें काय ?

“काय रे, घरीं बसून डॉक्टर होतां येतें काय ?” असा प्रश्न सन २०२० च्या उन्हाळ्यांत आमच्या आळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारला. प्रश्न थट्टेचा होता. परंतु त्याचें उत्तर सांपडण्यास मला दीड वर्ष लागलें. या शाळेचा एक जुना विद्यार्थी या नात्यानें तें उत्तर आज बालमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड-१९ ही महासाथ असल्याचें जाहीर केलें. २५ मार्चपासून आपल्या सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. त्यापूर्वींच आमचें वैद्यकीय महाविद्यालय बंद होऊन आम्हां विद्यार्थ्यांस घरीं पाठविण्यांत आलें होतें. मी त्या वेळीं पहिल्या वर्षांत होतों. या वर्षीं शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे मुख्य विषय असतात. पैकीं शरीररचना शवविच्छेदन करून शिकावयाची असते. हात, पाय व छाती यांचें विच्छेदन आम्हीं केलें होतें. पोट व मस्तक राहून गेलें.

पुढें व्याख्यानें ऑनलाइन होऊं लागलीं. या पद्धतीचे गुण प्रथम सांगणें न्यायाचें होईल. भरलेल्या वर्गांत मागच्या बाकावरून जी आकृति नीट दिसत नसे, ती आतां वीतभर अंतरावर दिसूं लागली. न समजलेला भाग पुनः ऐकतां येऊं लागला. जे विद्यार्थी संकोचानें कधीं तोंड उघडीत नसत, ते लिहून प्रश्न विचारूं लागले. कांहीं शिक्षक तर रुग्णालयांतील काम आटोपून रात्रीं शिकवीत. त्यांचे उपकार विसरतां येणार नाहींत.

परंतु ज्याच्या घरीं वीज नाहीं त्यानें काय करावें ? ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. आमचें गांव श्रीवर्धन तालुक्यांतलें. माड व पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले आणि कित्येक दिवस घरांत दिवा लागला नाहीं. शहरांतील माझे सोबती पडद्यावर यकृताची रचना शिकत असतां मी वडिलांबरोबर वाडींतील पडलेलीं झाडें ओढून काढीत होतों. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत पुस्तक उघडावें एवढाच उपाय उरला. वर्ग एकच होता, पण तो सर्वांच्या वांट्यास सारखा आला नाहीं.

याहून मोठी अडचण विषयांतच होती. आपल्या जुन्या वैद्यांनीं रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन व प्रश्न. आजचा डॉक्टरहि पाहतो, विचारतो व हात लावतो. शिवाय बोटांनीं ठोकून व नळीनें ऐकून पाहतो. ठोकून पाहण्याची रीत औएनब्रुगर नांवाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरानें १७६१ सालीं प्रसिद्ध केली. त्याचे वडील सराईचे मालक होते. पिंपावर ठोकून आंत मद्य कोठवर आहे हें ओळखण्याची युक्ति त्यानें लहानपणीं तेथेंच पाहिली, असें सांगतात. हवेनें भरलेल्या फुप्फुसावर ठोकलें असतां पोकळ आवाज येतो. पाणी सांचलें असल्यास तो बद्द होतो. हें शिकण्यासाठीं मी आईचा तांदळाचा डबा ठोकीत बसे !

पाहणें व विचारणें हीं दुरूनहि कांहीं अंशीं साधतात. म्हणूनच दुसऱ्या लाटेंत, ३ मे २०२१ रोजीं, केंद्र सरकारनें एम. बी. बी. एस. च्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस सौम्य रुग्णांची दुरून विचारपूस व देखरेख करण्याचें काम वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखालीं देतां येईल असें ठरविलें. पण स्पर्शनाचें काय ?

१ डिसेंबर २०२० पर्यंत वैद्यकीय महाविद्यालयें उघडावींत असें केंद्र सरकारनें राज्यांस कळविल्यानंतर कांहीं काळानें आम्ही परतलों होतों. राहिलेलें विच्छेदन घाईघाईनें पाहिलें होतें. परंतु दुसऱ्या लाटेनें पुनः घरचा रस्ता दाखविला. अखेर २०२१ च्या पावसाळ्यानंतर मी प्रथमच रुग्णाच्या खाटेपाशीं उभा राहिलों. खाटेवर एक आजी होत्या. यकृताची कडा हातास लागते कीं काय, हें पाहावयाचें होतें. मी पोटावर हात ठेवतांच त्या अंग चोरून म्हणाल्या, “पोरा, हात किती गार रे तुझे !” पोट ताठ झालें व मला कांहींच कळेना. तपासण्यापूर्वीं हात ऊन करावेत, हें वाक्य मीं वाचलें होतें, पडद्यावर ऐकलें होतें, परीक्षेंत लिहिलेंहि होतें ! शिक्षकांनीं मला हात चोळावयास लाविले, आजींस दीर्घ श्वास घेण्यास सांगितलें आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. श्वासाबरोबर खालीं आलेली यकृताची कडा माझ्या बोटांस हळूच लागली. मोबाईलवर शंभर वेळां पाहिलेलें यकृत मला त्या क्षणीं कळलें.

आमची तुकडी आतां डॉक्टर झाली आहे. ‘हे घरीं शिकलेले डॉक्टर !’ अशी शंका पालकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यांस एवढेंच सांगतों कीं, आपलें काय राहिलें हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून पुढें आम्हांपैकीं पुष्कळांनीं नेमलेले तास संपल्यावरहि रुग्णांपाशीं थांबून तें भरून काढण्याचा यत्न केला.

तेव्हां त्या गृहस्थांस माझें उत्तर असें : घरीं बसून वैद्यक वाचतां येतें, पाहतां येतें, पुष्कळसें समजतेंहि, परंतु डॉक्टर व्हावयास रुग्णाच्या खाटेपाशींच जावें लागतें. बालमित्रांनो, पडद्यावरील धड्यांचा लाभ अवश्य घ्या. मात्र प्रयोगशाळेंत परीक्षानळी हातीं धरण्याची पाळी येईल, तेव्हां ती शेजाऱ्यास देऊन नुसतें पाहत उभे राहूं नका.