मुखदुर्बळाची जपानी

गजालीत माझी जागा कायम कोपऱ्यातली. ओरोसला चहाच्या टपरीवर दहाजण बोलत असतात. अकरावा मी, 'हां… मगे?' एवढंच म्हणणारा. असा मुखदुर्बळ माणूस जपानी बोलायला शिकतोय म्हटल्यावर घरचे हसले. मी त्यांना एक वाक्य ऐकवलं.

'वाताशी वा आशिता मारुवान नि साकाना ओ ताबे नि इकिमासेन.'

आता सोडवू या. वाताशी वा, मी. आशिता, उद्या. मारुवान नि, मालवणला (जपानी जिभेवर 'ल'चा 'र' होतो). साकाना ओ, मासे. ताबे नि, खायला. इकिमासेन, जाणार नाही. एकाही शब्दाची जागा हलली नाही! त्याहून गंमत त्या 'नि'ची. मालवण'ला' आणि खाय'ला', दोन्हीकडे आपला एकच 'ला'. तिथेही एकच 'नि'. भाषांचं नातंगोतं शून्य, मध्ये अख्खा चीन आडवा. मग हे जुळलं कसं? ज्या भाषा क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवतात, त्या असले प्रत्ययही बहुधा नामामागेच लावतात. एक खोड आली की दुसरी येतेच.

नकारही दोघींकडे अगदी शेवटी. समोरचा मासे खायला जाणार की नाही, ते कळायला शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. यात माझा हात कोण धरणार?

पण जपानी श्रोता गप्प बसत नाही. बोलणारा जरा थबकला की तो 'हाय', 'उन', 'सो देसु ने' असं काहीतरी घालतोच. हा 'हाय' दरवेळी होकार नसतो. बरेचदा 'ऐकतोय, चालू दे' एवढाच. आणि 'ने' म्हणजे तर थेट आपला 'ना'! या हुंकारांना म्हणतात 'आइझुची'. शब्द आलाय लोहाराच्या भट्टीतून. ऐरणीवर उस्तादाचा घाव पडला, की लगेच समोरच्या साथीदाराचा. त्या जोडीच्या घावाचं हे नाव. म्हणून आपण हुंकार देतो, जपानी माणूस 'मारतो'. ऐकणाराही घण घेऊनच उभा!

आणि वेग? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या होत्या. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला डॅनिशमध्ये सरासरी ४६९ मिलिसेकंद लागले. जपानीत ७! पापणी लवायलाही याच्या दहापटीहून जास्त वेळ लागतो. एखादा शब्द मनात जुळवून तोंडाशी आणायला तर अर्धा सेकंद सहज जातो. म्हणजे प्रश्न संपायच्या आतच उत्तर शिजत घातलेलं असतं. मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसतो म्हणून मी स्वतःला मंद समजत होतो. ते तर सगळेच करतात, फक्त समोरचा बोलत असतानाच.

१९८४ पासून चालत आलेल्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तर बोलण्याचा पेपरच नाही. तोंडातून चकार शब्द न काढता सगळ्यात वरची एन-१ पायरी गाठता येते. मोह झाला, खोटं कशाला बोला!

परवा टपरीवर पावसाची गजाल रंगली होती. सांगणारा श्वास घ्यायला थांबला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'सो देसु ने.' त्याने मानही वळवली नाही. गजाल तशीच पुढे सुरू.