शेतवस्तीवरील कुत्र्याच्या पिलाला शौचाच्या जागेची सवय कशी लावाल?



भाद्रपदात गावकुत्री माजावर येतात. सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, त्यांना पिले होतात आणि संक्रांतीच्या आगेमागे दीड-दोन महिन्यांचे एखादे पिलू राखणीसाठी वस्तीवर आणले जाते. नेमक्या याच दिवसांत घराजवळच्या वाफ्यांत मेथी, कोथिंबीर, पालक, गाजर उभे असते. वाफ्यातली भुसभुशीत, ओलसर माती पिलाला शौचासाठी फार पसंत पडते.

परतूर तालुक्यातील आष्टी परिसरात हरभऱ्याचा प्लॉट पाहण्यास गेलो असता एका वस्तीवर चहाला बसलो होतो. घाटेअळीची चर्चा चालू होती. तेवढ्यात घरातील बाई म्हणाल्या, "सर, हरभऱ्याचं राहू द्या. ह्या पिलाचं काय करावं ते सांगा. रोज मेथीच्या वाफ्यात घाण करतंय. मारलं तर आता बाजेखाली जाऊन करतंय." पिलू गोठ्याच्या मेढीला हातभर सुतळीने बांधलेले होते आणि आपल्याच घाणीत बसले होते. प्रश्न माझ्या विषयाचा नव्हता, पण मेथी माझ्या विषयाची होती. परभणीस परतल्यावर पशुवैद्यक सहकाऱ्यांशी बोललो. त्यातून जे कळले ते येथे देत आहे.

वाफ्यात घाण झाली तर बिघडते काय?

शेणाप्रमाणे कुत्र्याची विष्ठाही खतच, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. गोलकृमींची लागण पिलाला बहुधा आईच्या पोटातच झालेली असते आणि तीन आठवड्यांच्या वयापासून त्याच्या विष्ठेतून या जंतांची असंख्य अंडी बाहेर पडू लागतात. पिलू गुबगुबीत दिसते म्हणून त्याला जंत नाहीत असे समजू नये. ही अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ती चिकट असल्याने पाल्यावरून नुसत्या पाण्याने सहज निघत नाहीत. मेथीची भाजी चांगली शिजली तर धोका राहत नाही, परंतु कच्ची मेथी, कोथिंबीर आणि बांधावर उपटून खाल्लेले गाजर यांचे काय? मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात ही अंडी गेल्यास अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही जातात. डोळ्यात गेलेल्या अळीमुळे दृष्टी अधू होऊ शकते. कुत्र्याच्या अंकुशकृमींची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ उमटते.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. गोलकृमीचे अंडे विष्ठेबरोबर पडते तेव्हा लगेच बाधत नाही. त्यात अळी तयार होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अंकुशकृमीला मात्र उबदार, ओलसर मातीत आठवडाभर पुरतो. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका बराच टळतो. पण पिलू चार एकरांत कोठेही बसत असेल तर उचलणार काय? एक जागा ठरवायची ती यासाठी.

दुसरा मुद्दा गोठ्याचा. निओस्पोरा नावाचा एकपेशीय परजीवी गाई-म्हशींत गर्भपातास कारणीभूत ठरतो. कुत्र्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, हे १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. अशी विष्ठा कडब्यावर, गव्हाणीत किंवा हौदात पडली तर तो जनावराच्या पोटात जातो. कुत्र्याला तो गाभडलेला गर्भ किंवा गाईचा जार खाल्ल्याने होऊ शकतो. म्हणून जार कुत्र्यापुढे टाकू नये, खोल पुरावा. प्रत्येक गर्भपात यानेच होतो असे नाही, तो कशाने झाला हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. पण कडब्याच्या गंजीवर कुत्रे झोपवण्याची आपली पद्धत मात्र सोडली पाहिजे.

जागा आणि वेळ

जागा पिलू आणण्याच्या आदल्या दिवशीच ठरवावी. वाफे, विहीर, हौद, खळे आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून ती दूर असावी. मोसंबीचे आळेही नको. तेथील ओल पिलाला आवडते, पण तीव्र मूत्राने कोवळी रोपे करपतात. बांधावरील लिंबाखाली चार-पाच फूट लांब-रुंद जागा मोकळी करून तीत वाळू किंवा बारीक मुरूम पसरावा. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात घोटाभर चिखल होतो, त्यात पिलू उतरत नाही आणि परत ओसरीवर येते. म्हणून वर एखादा पत्रा टाकता आला तर उत्तम. पायाखाली कोणता पृष्ठभाग हवा ही पिलाची आवड साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या वयात पक्की होऊ लागते. या दिवसांत त्याला वाळू मिळाली तर पुढेही ते वाळू शोधते, वाफा मिळाला तर वाफा.

वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्याबरोबर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत पिलाला जावे लागते. दोन महिन्यांचे पिलू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा अधिक काळ लघवी धरू शकत नाही. धारेला उठता तेव्हा त्यालाही उचलून जागेवर न्यावे. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि सुरुवातीचे काही दिवस मध्यरात्री एकदा न्यावे. रात्री पिकाला पाणी देण्यास उठणाऱ्याला हे नवीन नाही. खाणे दिवसभर पुढे ठेवू नये. तीन-चार ठरलेल्या वेळी द्यावे, म्हणजे शौचाची वेळही ठरते. जमीन हुंगत गोल गोल फिरू लागले की ते बसणार असे समजावे. जागेवर नेल्यावर एकच शब्द नेहमी वापरावा आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरावा. काम झाल्याबरोबर, तेथेच, भाकरीचा तुकडा द्यावा. घरी परत आल्यावर दिलेला तुकडा त्याला घरी येण्याचे बक्षीस वाटतो.

मार आणि सुतळी

नाक घाणीत घासणे, चपलेने मारणे हे प्रकार सर्रास चालतात. घडून गेलेल्या गोष्टीचा मार पिलाला उमगत नाही. मालकासमोर बसले की मार पडतो, एवढेच ते शिकते आणि पुढे लपून बाजेखाली जाते. समोर बसताना दिसले तर टाळी वाजवून थांबवावे, उचलून जागेवर न्यावे. बस्स.

मारापेक्षाही सुतळीने जास्त नुकसान होते, असे माझे मत झाले आहे. तीन आठवड्यांचे पिलू डोळे उघडून चालू लागले की आपणहून झोपायच्या जागेपासून दूर जाऊन घाण करते. स्वच्छतेची ही उपजत बुद्धी त्याला असतेच. हातभर दोरीला दिवसभर बांधले की त्याला आपल्याच अंथरुणात बसावे लागते आणि काही दिवसांत ती बुद्धी मोडते. शेतावर जाताना पिलाला दाराशी कुंपण घातलेल्या छोट्या मोकळ्या जागेत, पाणी व सावलीची सोय करून ठेवावे. रात्री डालग्याखाली गोणपाटावर झोपवले तरी चालते. डालगे फार मोठे नसावे, नाहीतर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात घाण असे होते. मात्र कुईकुई केली की उठलेच पाहिजे.

सारवलेली जमीन

फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन भागते. सारवलेल्या जमिनीत मूत्र मुरते, वास राहतो आणि पिलू वासावरून पुन्हा तेथेच येते. तेवढ्या जागेचा वरचा थर खरवडून काढावा, ऊन द्यावे आणि मग नव्याने सारवावे. नुसते वरून सारवून उपयोग होत नाही. पिलाच्या वावरण्याच्या जागी फिनेल शिंपडू नये. चाटण्यात आले तर ते पिलाला बाधते.

उचललेली विष्ठा उकिरड्यात टाकू नये. आपल्या उकिरड्याच्या कडा थंड राहतात आणि तेथे जंतांची अंडी मरत नाहीत. वाफे व विहिरीपासून दूर दोन फुटांचा खड्डा घ्यावा, रोज विष्ठा टाकून वर माती लोटावी आणि हात साबणाने धुवावेत.

आणल्या दिवशीच पिलाला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. जंताचे औषध तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, वजनाप्रमाणे द्यावे लागते. गाईचे औषध अंदाजाने पाजू नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी, पुढे दरवर्षी.

सवय लागण्यास किती दिवस लागतात, असे आष्टीच्या त्या बाईंनी विचारले होते. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, पण चार-सहा महिन्यांचे होईपर्यंत अधूनमधून चूक होणारच. त्या सकाळी मेढीची सुतळी त्यांनी तेथेच सोडली आणि मुलाला वाळूचे घमेले आणायला पाठवले.