पाणीवाटपातील निनावी वाटेकरी

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा उभा राहिला, तो पाखरांसाठी नव्हे. १९०७ ते १९१३ या काळात तो बांधला गेला, तेव्हा कालव्यांवाटे पुढील कोरडवाहू मुलखाला पाणी पोचविणे एवढाच त्याचा हेतू होता. नदीने मात्र आपला क्रम सोडला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरून आणलेला गाळ दर पावसाळ्यात बंधाऱ्यामागे टाकून तिने जलाशय उथळ करीत आणला. अभियंत्याच्या हिशेबी हे अपयशच होय. पण त्याच गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणगवत माजले आणि पर्जन्यछायेच्या रुक्ष प्रदेशात एक पाणथळ जन्मास आले.

या उथळपणातच सारे वैभव आहे. उंच तांबड्या पायांचा शेकाट्या घोटाभर पाण्यात किडे वेचतो. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवीत जातो. कमळपक्षी पाणवनस्पतींच्या पानांवरून चालतो. थापट्या बदक पृष्ठभागावरचे पाणी चोचीने गाळून खाते. कपाळी पांढरा टिळा ल्यालेल्या काळ्या पाणपक्ष्याला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ म्हटले आहे, आणि त्याहून समर्पक नाव कोणा शास्त्रज्ञाला सुचले असते असे वाटत नाही. हिवाळ्यात लडाख-तिबेटकडील चक्रवाक येतात. प्रत्येकाची खोली ठरलेली आहे. पाणी हातभर चढले की चिखलात चरणारे उपाशी राहतात, आणि एकदम उतरले की पोहणाऱ्यांचा थारा जातो.

डॉ. सलीम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे नेहमी अभिमानाने सांगितले जाते. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. पण भरतपूरची गोष्ट पुरती सांगावयास हवी. तेथील पाणथळही बांध घालूनच घडलेली. तिला रामसरचा दर्जा १९८१ मध्ये आणि जागतिक वारशाचा १९८५ मध्ये लाभला. तरीही या शतकाच्या आरंभी पांचना धरणाचे पाणी शेतीसाठी अडविले गेले, तेव्हा ते मानाचे दर्जे तळी भरू शकले नाहीत. पक्ष्यांनी पाठ फिरविली.

नांदूरचे पाणीही असेच परस्वाधीन आहे. वर गंगापूर, दारणा ही धरणे, मध्ये कालव्यांची आवर्तने, खाली जायकवाडीची मागणी. नाशिक-मराठवाडा वादात प्रत्येक वाटेकऱ्याचा वकील असतो, पक्ष्यांचा नसतो.

तथापि पक्ष्यांची बाजू घेताना सायखेडा-चांदोरीकरांना विसरून चालणार नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी त्यांच्या घरांत, दुकानांत शिरली. बंधाऱ्यामागचा गाळ काढा, असे ते म्हणतात ते पक्षीद्वेषाने नव्हे. उसाच्या फडात बिबट्या वावरत असताना रात्री पाणी द्यावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला वन्यजीवप्रेमाचे पाठ शहरातून कोणी देऊ नयेत. विशेषतः नाशिककरांनी तर नयेच. शहराचे सांडपाणी नदीला जी पोषणद्रव्ये देते, त्यांवर पानवेली पोसतात. त्यांचे दाट आच्छादन झाले की खालच्या पाण्याला ना ऊन मिळते, ना पुरेसा प्राणवायू. मासा आणि मासे खाणारा पक्षी दोघेही तेथून हटतात. म्हणजे या पाणथळीची निगा नाशिकच्या मलनिस्सारण केंद्रांतून सुरू व्हावयास हवी.

गाळाचाही सरसकट निकाल लावण्याचे कारण नाही. पुराच्या मुख्य प्रवाहाची वाट उन्हाळ्यात मोकळी करता येईल आणि काठची बेटे, दलदल राखता येईल. मात्र कोणती बेटे राखावयाची हे यंत्रे नदीत उतरण्यापूर्वी नकाशावर आखावे लागेल. आणि आवर्तनांच्या तारखा ठरविण्यासाठी कालवा सल्लागार समिती बसते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जलाशयाची पातळी किती राहावी याचा एक आकडा वन्यजीव विभागाने लेखी द्यावा, आणि तो पिकांच्या मागणीशेजारीच मांडला जावा.