उभ्या ट्रकचा पत्रा पावसाळ्यात का सडतो? मासळी वाहणाऱ्या जुन्या गाड्या गंजापासून कशा वाचवायच्या?

१ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते आणि कोकण किनाऱ्यावर मासळी वाहणारे अनेक ट्रक आणि टेम्पो विसावतात. ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस यातल्या बऱ्याच गाड्या घराशेजारी किंवा गॅरेजच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या असतात. गाडी चालत नाही म्हणजे झिजतही नाही, असा आपला समज असतो. पण ऑगस्टमध्ये ताडपत्री काढल्यावर दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे दिसतात, मडगार्डला भोक पडलेलं असतं आणि पायदानावर पाय ठेवला तर पत्रा दबतो.

पावसाचं पाणी तर अंगावर पडलं नव्हतं. मग हे झालं कसं? आणि ते टाळता येतं का?

पत्रा गंजतो म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की गंज तयार होतो. नुसत्या कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. पाण्यात मीठ असेल, तर त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि ही क्रिया झपाट्याने होते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, ते इथे घातक ठरतात.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून वर उचलतो आणि फुगा येतो. फुग्यामुळे रंगाला चीर पडते, त्यातून आणखी पाणी आत जातं. ट्रकची चासी काही मिलिमीटर जाड असते, पण केबिनचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यामुळे आरपार भोक आधी पत्र्याला पडतं.

ताडपत्रीखालीही पत्रा ओला कसा राहतो?

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आपण दरवर्षी पाहतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि स्वतःच विरघळू लागतं. ट्रकच्या पत्र्यावर नेमकं हेच घडतं.

मासळी वाहताना क्रेटमधला बर्फ वितळतो. त्यात मासळीला लागलेलं समुद्राचं पाणी मिसळतं. ते हौद्याच्या फटींतून, फाळक्याच्या बिजागऱ्यांतून आणि पत्र्याच्या जोडांतून खाली झिरपतं. पाणी सुकलं तरी मीठ तिथेच राहतं. पुढे जून-जुलैच्या दमट हवेत पाऊस अंगावर न पडताही ते जोड ओलेच राहतात. त्यात ताडपत्री गच्च बांधली असेल, तर आतली दमट हवा बाहेर जात नाही.

गंज आधी कुठे लागतो?

आपण रंगावरचा ओरखडा पाहून घाबरतो. तो दिसतो, म्हणून त्यावर उपायही लगेच होतो. खरा धोका न दिसणाऱ्या जागी असतो: दरवाजाच्या आतली खालची कडा, मडगार्डची आत वळवलेली पट्टी, पायदानामागची पोकळी, काचेच्या रबराखालची खाच, केबिनच्या फरशीवरच्या मॅटखालचा पत्रा.

तिथे चिखल साचतो. चिखलाखाली ऑक्सिजन कमी पोचतो आणि आजूबाजूच्या उघड्या भागात जास्त असतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर छोट्या बॅटरीसारखी स्थिती तयार होते आणि जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड झिजतं. म्हणजे पत्रा नेमका चिखलाखाली खाल्ला जातो. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतलं बरंच काम झालेलं असतं.

आता बऱ्याच नव्या गाड्यांची केबिन कारखान्यात प्रायमरच्या टाकीत बुडवून काढतात, त्यामुळे पोकळ्यांच्या आतही थर बसतो. पण बाहेर बांधून घेतलेल्या बॉडीला रंग सहसा स्प्रेने किंवा ब्रशने लागतो. बंद पोकळीच्या आत तो पोचत नाही. जुन्या गाड्यांची ही मोठी कमजोरी आहे.

गाडी उभी करण्याआधी काय करायचं?

हे काम मे महिन्यात, कडक उन्हात करायचं. क्रम महत्त्वाचा आहे.

१. गोड्या पाण्याने धुवा. वरून चकचकीत करण्यापेक्षा खालून आणि आतून धुणं गरजेचं आहे. मॅट, फळ्या, क्रेट बाहेर काढा. मडगार्डच्या कडा, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि पायदानामागची जागा चिखल निघेपर्यंत धुवा. वायरिंगच्या जोडांवर मात्र जोराचा फवारा मारू नका.

२. निचऱ्याची भोकं मोकळी करा. दरवाजाच्या तळाशी आणि पट्टीखाली छोटी भोकं असतात. ती बुजली की दरवाजा पाण्याची टाकी होतो. बारीक तार किंवा काडी घालून ती साफ करा. रंगकाम करताना हीच भोकं लांबी भरून बंद केली जातात, त्यावर लक्ष ठेवा.

३. पूर्ण वाळवा. दरवाजे उघडे ठेवून एक-दोन दिवस ऊन द्या. ओल्या पत्र्यावर मारलेला कोणताही थर आतलं पाणी कोंडून ठेवतो.

४. पोकळीत मेण फवारा. गाड्यांच्या पोकळ भागांसाठी खास मेणासारखं द्रावण मिळतं. लांब नळीने ते निचऱ्याच्या भोकांतून आत मारतात. ते जोडांत शिरतं आणि पाणी दूर ठेवतं. काम झाल्यावर भोकं पुन्हा मोकळी आहेत ना, ते पाहा.

५. हवा खेळती ठेवा. गाडी शक्यतो छपराखाली, कडक जमिनीवर उभी करा. ताडपत्री टाकायचीच असेल, तर खालून हवा जाईल अशी सैल बांधा. पाऊस उघडला की ती काढून दरवाजे काही तास उघडे ठेवा.

गंज आधीच लागला असेल तर?

गंजावर थेट रंग मारणं हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आधी तो भाग धुऊन मीठ काढा आणि वाळवा. मग वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने सुटा गंज काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासताना मास्क लावा. खड्ड्यांत घट्ट बसलेला थोडा गंज उरलाच, तर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असलेलं गंजरोधक द्रावण चालतं. ते गंजाचं स्थिर थरात रूपांतर करतं. पापुद्रे सुटत असलेल्या गंजावर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

त्यानंतर प्रायमर आणि वरून रंग. रेड ऑक्साईड मारून गाडी तशीच पावसात सोडणं ही नेहमीची चूक आहे. त्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात. वरचा रंग लागेपर्यंत तो पाणी पुरतं अडवत नाही. इपॉक्सी प्रायमर महाग पडतो, पण पाण्यासमोर जास्त टिकतो.

भोक पडलं असेल, तर त्यावर लांबी भरू नका. गंजलेला तुकडा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा जोड वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंगही जळतो, त्यामुळे आतूनही प्रायमर आणि मेण लावायला सांगा. जुना ट्रक विकत घेताना खिशात चुंबक ठेवा. ज्या जागी ते पत्र्याला चिकटत नाही, तिथे आत लांबीचा जाड थर असण्याची शक्यता मोठी.

जळकं ऑईल किंवा डांबर लावलं तर?

इंजिनातून काढलेलं ऑईल पत्र्याला फासायची पद्धत जुनी आहे. ते काही काळ पाणी अडवतं हे खरं. पण त्यात आम्लं आणि धातूंचे कण असतात, ते रबर खराब करतं, ब्रेकवर गेलं तर धोका आणि पावसाने वाहून विहिरी-ओढ्यांत गेलं तर प्रदूषण.

डांबरी थर नव्या, स्वच्छ पत्र्यावर ठीक. जुना झाला की त्याला तडे जातात, पाणी आत शिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. तो लावला असेल, तर दरवर्षी ठोकून पाहायला हवा.

एवढा खटाटोप कशासाठी?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या मालकासाठी डेंटिंग-पेंटिंगला गेलेला प्रत्येक दिवस हा बुडालेला धंदा असतो, आणि तोही नेमका ऑगस्टमध्ये, मासेमारी सुरू होताना.

प्रश्न सुरक्षेचाही आहे. फरशीला भोक पडलं की इंजिनाचा धूर केबिनमध्ये येऊ शकतो. सडलेलं पायदान चढता-उतरताना तुटू शकतं.

यंदा मे महिन्यात एक साधी तपासणी करून पाहा. दरवाजाच्या खालच्या कडेवरून आतल्या बाजूने बोट फिरवा. बोटाला ओला चिखल लागला, तर त्या जागेपासून सुरुवात करा.