सिगारचा रंग आणि सिगारचा जोर

पुण्या-मुंबईत सिगारच्या दुकानात उभे राहा किंवा क्लबात जेवणानंतर जमलेल्या टोळक्यात बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "डार्क घे, स्ट्राँग असतो." ऐकणारा मान डोलावतो आणि काळपट पानाचा महागडा मदुरो उचलतो. फिकट पानाचा सिगार मग आपोआप 'नवशिक्यांचा' ठरतो. दरवेळी वाद घालून कंटाळलो, म्हणून हे एकदाच लिहून टाकतो.

हाताने वळलेल्या सिगारमध्ये पानांचे तीन भाग असतात. बाहेर दिसतं ते वरचं पान म्हणजे कापा. त्याखाली बांधून ठेवणारं पान, कापोते. आणि पोटात भरलेली लांब पानं, त्रिपा. वजनाने बघितलं तर बहुतेक तंबाखू पोटातच असते. तरी आपण जोर ठरवतो तो वरच्या एका पानाच्या रंगावरून.

आता पोटात काय असतं ते पाहू. तंबाखूच्या झाडावर सगळी पानं सारखी नसतात. क्युबात खालच्या पानांना वोलादो म्हणतात. ती पातळ, सौम्य असतात आणि छान जळतात. मधली सेको, त्यांचं काम सुगंधाचं. शेंड्याकडची लिगेरो. त्यांना ऊन सर्वांत जास्त मिळतं, ती जाड आणि तेलकट होतात, हळू जळतात आणि निकोटिनही त्यांच्यातच जास्त भरतं. झाडाचा शेंडा खुडला की उरलेल्या पानांना जोर चढतो, हे निपाणी भागातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. क्युबातल्या पिनार देल रिओच्या शेतकऱ्यालाही नाही. सिगार कडक करायचा तर कारागीर पोटातलं लिगेरोचं प्रमाण वाढवतो. हळू जळणारं हे पान तो बरोबर मध्यभागी ठेवतो, नाहीतर सिगार वाकडा जळतो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

मग काळा रंग येतो कुठून? मुख्यतः मुरवण्यातून. वाळलेली पानं ओलसर करून मोठ्या ढिगात रचतात. ढीग आतून तापतो, अमोनिया बाहेर पडतो, पानं गडद होत जातात. ढीग वेळोवेळी मोडून पुन्हा रचावा लागतो. मदुरोसाठी जाड पान घेतात, कारण त्याला लांबलेली, जास्त उष्ण प्रक्रिया सोसते. अमेरिकेतलं कनेटिकट ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोतल्या सान आंद्रेस खोऱ्यातलं पान यासाठी प्रसिद्ध आहे. या मुरवण्यात निकोटिन वाढत नाही, उलट काहीसं घटतं. हाती लागतो तो कोको, कॉफी, मनुका यांच्याकडे झुकणारा गोडसरपणा. म्हणजे लोक ज्याला कडकपणाची खूण समजतात, ती बऱ्याचदा गोडव्याची खूण असते!

पटत नसेल तर दोन सिगार शेजारी ठेवा. मकानुडो मदुरो दिसायला गडद, ओढायला सौम्य ते मध्यम. पार्तागास सेरी डी नंबर ४ साधा तपकिरी, पण क्युबाची कंपनी स्वतःच पार्तागासला सर्वांत कडक गटात बसवते. निकाराग्वातल्या एस्तेलीचा होया दे निकाराग्वा आंतान्यो १९७० हाही काळाकुट्ट नाही, पण रिकाम्या पोटी ओढून पाहणाऱ्याला रंगाचा सिद्धान्त पुन्हा मांडायची हिंमत होणार नाही.

घोटाळ्याचं मूळ मला वाटतं भाषेत कमी आणि घाईत जास्त आहे. 'फुल-बॉडीड' आणि 'स्ट्राँग' या दोन गोष्टी एकच धरल्या जातात. बॉडी म्हणजे तोंडात धुराचं जाणवणारं वजन. पातळ ताक आणि घट्ट ताक सारखंच आंबट असू शकतं, जिभेवरचा भार मात्र निराळा असतो; तसंच हे. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटिनचा जोर, तो जिभेला कळतच नाही. कपाळाला घाम, पोटात ढवळणं, हलकी घेरी, ज्याला आपल्याकडे 'तंबाखू लागली' म्हणतात, ती खरी मोजपट्टी. तिसरी गोष्ट चवीची. पहिल्याच झुरक्याला नाकात मिरी झोंबली की लोक 'काय स्ट्राँग आहे' म्हणतात. झोंबणं हे संवेदनांच्या वेगळ्या मज्जातंतूचं काम, त्यावरून निकोटिन मोजता येत नाही. तिखट पण हलका आणि मऊ पण घेरी आणणारा, असे दोन्ही सिगार असतात.

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, मग तो लागतो कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मराठी माणसाच्या खिशातल्या डबीत आहे. तंबाखूला चुना का लावतात? चुन्याने ती अल्कधर्मी होते आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात उतरतं. सिगारचा धूर मुळातच अल्कधर्मी असतो. सिगारेटचा सहसा आम्लधर्मी, म्हणून तो फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारला चुना लागत नाही, इतकाच फरक.

मग परीक्षा करायची कशी? सिगारवरची ब्रँडची पट्टी काढून. खरोखर. 'सिगार अफिशनाडो' हे १९९२ साली सुरू झालेलं अमेरिकी मासिक शंभरपैकी गुण देतं, तेही परीक्षकांना ब्रँड न कळू देता. पट्टी आणि किंमत दिसत असताना आलेली 'चामड्याची, देवदाराची छटा' मी फारशी मनावर घेत नाही. पेटवण्याआधी कोरडा झुरका घेऊन वास आणि ओढ बघावी. मग मिनिटाला साधारण एक झुरका. त्याहून घाई केली तर सिगार तापतो, कडवट होतो आणि दोष बिचाऱ्या ब्लेंडला जातो. धूर तोंडात फिरवून थोडा नाकावाटे सोडला की खरी छटा कळते, कारण आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी वासाचीच असते. निकाल मात्र पहिल्या एकतृतीयांश हिश्श्यात देऊ नये. लिगेरोचा जोर हळूहळू साचतो आणि शेवटच्या हिश्श्यात बोलतो.

वरच्या पानाला काहीच महत्त्व नाही, असंही नाही. ते ओठांना लागतं, चवीत त्याचा वाटा मोठा असतो. पण 'चवीचे इतके टक्के वरच्या पानाचे' हे ठोकून दिलेले आकडे सोडून द्या. हा साधा भूमितीचा मामला आहे. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ३८ जाडीच्या सडपातळ सिगारमध्ये वरच्या पानाचं प्रमाण ६० जाडीच्या सिगारपेक्षा दीडपटीहून अधिक पडतं. एकच टक्केवारी दोघांना लागू होणार कशी? आणि जाड म्हणजे कडक, हेही खरं नाही: जोर ठरतो तो पोटातल्या लिगेरोच्या प्रमाणावरून.

बाकीचे किरकोळ गैरसमज. राख जितकी लांब तितका सिगार चविष्ट: लांब राख आत अखंड पानं आहेत आणि वळणी नीट आहे एवढंच सांगते. क्युबन बायका मांडीवर सिगार वळतात: टेबलावर, लाकडी पाटावर, चावेता नावाच्या पात्याने पानं कापून वळतात, आणि वळणाऱ्यांत पुरुषही असतात. क्युबन म्हणजे सर्वोत्तम: निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकचा माल आता त्या तोडीचा आहे. फ्रिजमध्ये सिगार ताजा राहतो: फ्रिज तो वाळवतो, त्याला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. मुंबईच्या पावसाळ्यात उलट संकट, बुरशी आणि तंबाखूचा किडा.

आणि शेवटचा, जो हसण्यावारी नेता येत नाही: 'आत ओढत नाही, म्हणजे अपाय नाही.' अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र अहवाल काढला. धूर आत न घेणाऱ्यांनाही तोंडाच्या, स्वरयंत्राच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. वरचं पान फिकट असलं तरीही.