झडपेची शस्त्रक्रिया आणि पावसाळ्यातील पालेभाजी

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतील, भरपूर पावसाचा आदिवासी प्रदेश होय. पाऊस सुरू होताच येथील माळांवर टाकळा, कुरडू यांसारख्या रानभाज्या उगवतात व नागलीच्या भाकरीस पौष्टिक जोड लाभते. तथापि, हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाने या भाज्यांबाबत एक पथ्य पाळणे अगत्याचे असते.

बालपणी घशाच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास काही मुलांना सांधे सुजविणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो व त्यातून हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेने कृत्रिम झडप बसविली जाते. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असल्याने वॉरफरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

रक्त गोठविणारे काही घटक यकृतात तयार होण्यास 'के' जीवनसत्त्व लागते. ते शोधून काढणारे डॅनिश शास्त्रज्ञ हेन्रिक डाम हे १९४३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. वॉरफरिन नेमके याच जीवनसत्त्वाचे कार्य रोखते. आणि हिरव्या पालेभाज्यांत ते विपुल असते. उन्हाळ्यात क्वचितच पालेभाजी खाणाऱ्या रुग्णाने पावसाळ्यात ती रोज भरपूर खाल्ल्यास गोळीचा प्रभाव उणावतो आणि झडपेवर गुठळी धरण्याची भीती निर्माण होते. उलट, नेहमीची भाजी एकाएकी बंद केल्यास रक्तस्राव संभवतो.

याचा अर्थ पालेभाजी वर्ज्य करावी असा नव्हे. ती बेताने व शक्यतो वर्षभर सारख्याच प्रमाणात घ्यावी. आहारात बदल होताच रक्ताची 'आयएनआर' तपासणी करवून गोळीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, तसेच वेदनाशामके, स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. हिरड्यांतून रक्त येणे, काळी शौचास होणे, एकाएकी धाप लागणे, बोलणे अडखळणे वा हातापायातील शक्ती जाणे ही धोक्याची लक्षणे समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. पुढील पथ्य मात्र पाड्यावरच सांभाळावे लागते. पावसात गोळ्या संपण्यापूर्वी नव्या आणून ठेवणे व तपासणीची तारीख न चुकविणे, यासाठी शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि पंचायत सदस्य यांनी अशा कुटुंबांस साहाय्य करावे. शाळेतील मुलाच्या घसादुखीवर वेळीच पूर्ण उपचार करविल्यास मुळात शस्त्रक्रियेचा प्रसंगही टळू शकेल.