विजेच्या आकड्यांची जाहीर सुनावणी

वीजदरवाढीचा प्रस्ताव आला की नाशिक, अमरावती किंवा नागपूरच्या एखाद्या सभागृहात दिवसभर माणसांची वर्दळ असते. समोर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य बसलेले, बाजूला महावितरण या सरकारी वीजवितरण कंपनीचे अभियंते आणि हिशेबनीस. बोलायला उठतात ते यंत्रमागधारक, बागायतदार, छोटे कारखानदार, घरगुती ग्राहक आणि निवृत्तीनंतर विजेचे हिशेब वाचण्याचा ध्यास घेतलेले अभियंते. बोलण्यासाठी वकील लागत नाही. हातात वीजबिल आणि मनात प्रश्न असला की पुरे. त्या प्रश्नाला उत्तर देणे कंपनीला भाग असते आणि ते उत्तर आयोगाच्या आदेशात छापले जाते.

ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे, पण तिचे वय जेमतेम पाव शतकाचे आहे. 1999पूर्वी विजेचे दर राज्य वीज मंडळ आणि सरकार मिळून ठरवत. ग्राहकाला ते कळत वर्तमानपत्रातून, नाहीतर थेट बिलातून. खर्च किती आणि गळती किती, हे विचारण्याची जागाच नव्हती.

बंद दाराआड घेतलेले निर्णय किती महाग पडतात, ते याच काळात दाभोळच्या वीजप्रकल्पाने दाखवले. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या या प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार डिसेंबर 1993मध्ये झाला, तो लोकांपुढे कसलीही छाननी न होता. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातील गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी स्वतः आकडेमोड करून या कराराचा बोजा मांडला. तज्ज्ञांच्या खोलीबाहेरचा माणूसही हे गणित सोडवू शकतो, हे त्यातून महाराष्ट्राला कळले. मे 1999मध्ये दाभोळची वीज येऊ लागली आणि दोन वर्षांत मंडळाने ती घेणे थांबवले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2001मध्ये या व्यवहारातल्या निर्णयप्रक्रियेवर कडक टीका केली.

आयोगाची स्थापना ऑगस्ट 1999मध्ये झाली, ती 1998च्या केंद्रीय कायद्यानुसार. 2003च्या विद्युत कायद्याने त्याचा पाया आणखी पक्का केला. कलम 86(3) प्रमाणे पारदर्शकता हे आयोगाचे कर्तव्य आहे. कलम 64 प्रमाणे दराचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कलम 94(3) मुळे ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमता येतात. त्याचा आधार घेऊन आयोगाने मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन या चार संस्थांना अधिकृत प्रतिनिधी केले. कंपनीची याचिका जनतेपुढे येण्याआधी तिची तांत्रिक छाननी होते आणि त्या बैठकीलाही हे प्रतिनिधी असतात. कच्चा हिशेब पक्का होण्याआधीच त्यावर बाहेरची नजर पडते. या साऱ्या रचनेतला हा भाग सर्वांत मोलाचा.

मग पहिल्याच फेरीत काय उघडे पडले? वीज मंडळ वर्षानुवर्षे 18 टक्क्यांच्या आसपास गळती दाखवत आले होते. दराची छाननी सुरू झाली, प्रश्नांवर प्रश्न आले आणि तो आकडा 30 टक्क्यांच्या पलीकडे गेला. तारांमधून एका वर्षात काही जास्त वीज सांडली नव्हती. गोम शेतीपंपांच्या हिशेबात होती. बहुसंख्य पंपांना मीटर नव्हते आणि बिल हॉर्सपॉवरवर निघे. त्यामुळे शेतीने किती वीज वापरली, हा आकडा मोजलेला नसून अंदाजाचा होता. चोरी आणि गळती या अंदाजाच्या पोटात सहज मावत होती. शेतकरी फुकटात वीज उधळतो, ही शहरातली समजूत बऱ्याच अंशी याच कागदी आकड्यावर पोसली गेली. ज्याने ती वीज वापरलीच नाही, त्याच्या माथी तिचा ठपका बसला. हा अन्याय उघड झाला तो सुनावणीमुळे, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही या खटाटोपाचे चीज झाले असे म्हणता येते.

प्रश्न तिथे मिटला नाही. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना यांनी शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवला जातो, हा मुद्दा लावून धरला. पुढे आयोगाने त्यासाठी कार्यगट नेमला आणि मार्च 2020च्या दरआदेशात शेतीच्या वापराचे अंदाज नव्याने तपासले. पहिल्या सुनावणीपासून इथवर यायला वीस वर्षे लागली. सरकारी यंत्रणेतला चुकीचा आकडा एकदा उघडा पाडून भागत नाही, दर फेरीत त्याच्या मागे लागावे लागते.

भारनियमनाच्या दिवसांतही खुलेपणाचा उपयोग झाला. दिवे कुठे आणि किती तास जाणार, हे स्थानिक वजनावर ठरू नये म्हणून गळती आणि वसुली यांच्या प्रमाणावर भागांचे गट पडले आणि तास त्यानुसार ठरले. 2006मध्ये पुण्यातल्या उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून शहराचे भारनियमन टाळण्याची योजना मांडली. त्याचा जादा खर्च कोणी सोसायचा, याचा खल आयोगापुढे उघडपणे झाला आणि मगच मंजुरी मिळाली.

दाराची एक फळी मात्र अजून लोटलेलीच आहे. जाहिरात आणि याचिकेचा सारांश मराठीत मिळतो. मूळ याचिका आणि आदेश इंग्रजीत असतात आणि त्यांची पाने शेकड्यांनी मोजावी लागतात. तक्त्यांच्या त्या रानात वाट काढणारी माणसे राज्यात मोजकीच आहेत. गिरीश संत 2012मध्ये अकाली गेले, तेव्हा ही उणीव किती खोल आहे ते जाणवले. कळवणच्या कांदा उत्पादकाला आपल्या दराचा तक्ता आपल्या भाषेत मिळाला पाहिजे. हा त्याचा हक्क आहे.

दुसरी उणीव अलीकडची. 28 मार्च 2025 रोजी आयोगाने महावितरणसाठी दर कमी करणारा आदेश दिला. कंपनीने हरकत घेताच काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि 25 जूनला पुनर्विलोकनाचा आदेश येऊन दर पुन्हा बदलले. मूळ आदेशाआधी जाहीर सुनावणी झाली होती. पुनर्विलोकनात आम्हाला विचारलेच नाही, ही ग्राहक संघटनांची आणि छतावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्यांची तक्रार होती. ती रास्त आहे. ज्या आदेशाने बिल बदलते, तो मूळ असो की सुधारलेला, ग्राहकाच्या खिशाला फरक पडत नाही. पुनर्विलोकनामुळे दर बदलणार असतील, तर जाहिरात, हरकती आणि सुनावणी पुन्हा घ्यावी, एवढा एक नियम आयोगाला स्वतःच्या अधिकारात करता येईल. त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही.